दगडांतली सरळ ओळ

श्रीनगर, चैत्र

माय,

तुझ्या पाया पडतो. मी मजेत आहो, थंडीनं बोटं तेवढी फुटली.

बागेत दगडांमधले रानट्यूलिप फुलले, वीतभर उंच, लालभडक! दिवाळीनंतर त्याचे कांदे लावताना मी तुझ्यासारखाच वाकून मागं मागं सरकलो, अन् धानाचे परे रोवल्यावानी ओळ धरली. बागेचे साहेब हसले, "दगडांत विखरून लावतात रे." सारं काढून पुन्हा लावलं. मोठ्या दगडामागची एक ओळ तेवढी राहून गेली.

आता लोक तिथंच फोटो काढून राहिले. साहेबांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" म्या छाती फुगवून सांगितलं, "माझ्या मायनं, तिरोड्याच्या तुलसाबाईनं."

कंबर दुखते तरी यंदा रोवण्याले जाशीलच तू. माझ्या बहिणीले संग ने.

तिच्या मोबाइलवर फोटो धाडला आहे. पाहून सांग, ओळ कुठं वाकडी तं नाही?

तुझा खुमेंद्र