लग्नाची बरणी

आई, त्या सकाळी पाणी भरून झालं होतं. अंगण झाडून मी सडा घातला होता, चुलीवर पेज शिजत होती आणि तू मला बोंबील उतरवायला पाठवलं होतंस. रात्रभर आपल्या दांडी गावच्या वाऱ्यावर काठ्यांना टांगून राहिलेले बोंबील सकाळी जरा दमट असतात, म्हणून ऊन चढू दे, असं मी म्हटलं, तर तू म्हणालीस की आज थांबायला वेळ नाही, बायका यायच्या आहेत. जबड्यात जबडा अडकवलेल्या जोड्या मी सोडवत होते आणि टोपलीत टाकत होते. माझी मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागलेली, टोपलीतला एकेक बोंबील काढून परत वाळूत टाकत होती. ते बघून तू हसलीस. आदल्या पावसाळ्यात माझा नवरा काविळीने गेला होता आणि त्यानंतर तुला हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मला बरं वाटलं होतं. म्हणून तर ती सकाळ जास्त लक्षात राहिली.

बायका आल्या. धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, लग्नाची हळद आणि मसाला कुटायचा होता. उखळ अंगणात आणून ठेवलं, मुसळाला आंब्याची पानं बांधली. मी हात धुऊन आले आणि सवयीने मुसळ उचललं. लहानपणापासून आपल्या घरचं कुटण मीच करत आले होते. माझा घाव बरोबर मध्ये पडतो, मसाला बाहेर उडत नाही, हे तूच शेजारपाजारी सांगत फिरायचीस. मुसळ वर गेलं आणि तू ते वरच्या वर धरलंस. "तू ऱ्हा बाजूला," म्हणालीस. "तुजा हात नको."

 एक मावशी आपल्या पायातल्या जोडव्याकडे बघत राहिली. मग त्याच आवाजात, जसं पेज ढवळायला सांगावं तसं, तू म्हणालीस की मिरच्यांची देठं काढायची राहिलीत, ती काढ. मी गेले. मागच्या पडवीत बसून दिवसभर देठं काढली. मुलगी मांडीवर यायला बघत होती, आणि मिरचीचे हात तिला लागतील म्हणून मी तिला ढकलत होते. पुढे अंगणात तुम्ही गाणी म्हणत होतात.

मी चिडले आहे, आई. इतकी वर्षं तू गेलेली आहेस आणि मी आज चिडून लिहिते आहे, याचं मलाच नवल वाटतं. पण खरं काय ते लिहावं. दुसऱ्या कोणी ते म्हटलं असतं, त्या मावशीने म्हटलं असतं, तर मी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि रडत तुझ्याकडे आले असते. तू बोललीस, त्यामुळे मला जायला जागा राहिली नाही. आणि अजून कोणी तोंड उघडलंही नव्हतं. तू घाई केलीस.

त्यानंतर दरवर्षी तू मला सातपाटीला, सासरी, मसाल्याचा डबा पाठवत राहिलीस. मी तो घेत राहिले. लोक म्हणायचे, आईची माया बघा. मी पण म्हणायचे. डब्यातला मसाला वापरताना मला कधी राग आला नाही, याचाही आता राग येतो.

आज काय झालं ते सांगते. उद्या माझ्या मुलीची हळद आहे. तीच, बोंबील वाळूत टाकणारी. ती बोईसरला एका औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत काम करते, पांढरा कोट घालून. नवरा मुलगा पाम गावचा आहे, बरा आहे, कमी बोलतो. तिच्याबरोबर काम करणाऱ्या पोरींना उद्या सुट्टी नाही, म्हणून तिने त्यांना आजच जेवायला बोलावलं. आणि जेवायला काय, तर चिली. आमच्याकडे ते कोणी ऐकलं नव्हतं. राजमा आणि खिमा एकत्र शिजवून केलेलं दाट कालवण, टोमॅटो भरपूर, जिरं आणि तिखट. थंडीच्या देशात लोक वाटीत घेऊन नुसतं खातात म्हणे. तिच्या मैत्रिणीच्या खोलीवर ती ते शिकली आणि मग स्वतःच्या पगारातून विजेचा कुकर घेऊन आली. माझी थोरली जाऊ सकाळपासून मदतीला आली होती. ती म्हणाली, "खिम्यात राजमा? उद्या म्हावऱ्यात साबुदाना घालाल."

राजमा रात्री भिजत घातला होता. सकाळी मी कुकरबरोबर आलेलं पुस्तक काढून बसले. मराठी नव्हतं, हिंदी होतं. तू मला शाळेतून लवकर काढलंस, पण सुकट बांधायच्या रद्दीवर मी वाचायला शिकले, हे तुला माहीत होतं आणि आवडत नव्हतं. कागद वाचत बसलीस तर माशा बसतील, म्हणायचीस. तर मी ते पुस्तक वाचलं. भांड्यात तेल तापवायचं, कांदा-लसूण परतायचा, खिमा परतायचा, मग बाकी सगळं घालून झाकण फिरवायचं. चुलीवर होतं तेच, फक्त आग दिसत नाही.

खिमा परतून झाला आणि आता मसाला घालायचा. ओट्यावर कडेला लग्नाची बरणी होती. मागच्या महिन्यात कुटलेला मसाला तिच्यात आहे, उद्याच्या पंगतीसाठी. बरणीच्या गळ्याला दोरा बांधलेला, पोटावर हळदीकुंकवाची बोटं. माझ्या दारात, माझ्या मुलीच्या लग्नासाठी कुटलेला मसाला. मिरच्या पालघरच्या बाजारातून मी आणल्या. गच्चीवर मी वाळवल्या, राखण केली, देठं मी काढली. धणे, लवंगा, दगडफूल सगळं मी भाजलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिथपर्यंत माझा हात चालला. कुटताना पाच सवाशिणी आल्या, जाऊ त्यांत पहिली, आणि मी त्यांच्यासाठी चहा केला. मी स्वतःहूनच चहा करायला गेले. मला कोणी सांगावं लागलं नाही.

तर खिमा परतून झाल्यावर मी चमचाभर मसाला घ्यावा म्हणून बरणीकडे हात केला. आणि हात मागे आला. जाऊ तेव्हा पाठमोरी कोथिंबीर निवडत होती. तिने बघितलंही नव्हतं. मुलगी टोमॅटो चिरत होती. कोणी काही म्हटलं नव्हतं आणि माझा हात मागे आला, जसा कोणी वरच्या वर धरला असावा. मग जाऊ वळली, तिला काय ते कळलं, आणि तिने बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. रागाने नाही. मांजर दुधापाशी येऊ नये म्हणून ठेवावं तशी. "बाय, तो लग्नाचा हाय," म्हणाली. "यात दुकानातला घाल."

मुलीने सुरी खाली ठेवली. तिने काकीला विचारलं, मी रोज कामावर डबा नेते तो कोणाच्या हातचा असतो? जाऊ म्हणाली, तो डबा येगला आनि लगीन येगलं, तुला नाय कलायचं. मुलगी म्हणाली, कळतंय म्हणून तर विचारते. मी तिला गप्प केलं. लग्नघर आहे, म्हटलं, भांडू नको. आई, मी हे तुझ्या आवाजात म्हटलं. मला ऐकू आलं.

दुकानातलं तिखट घातलं. आपला मसाला तेलात चांगला परतावा लागतो, त्या सवयीने मी ते परतत राहिले, आणि ते भांड्याच्या तळाला बसलं. वर टोमॅटो, राजमा घातला, झाकण फिरवलं. जाऊ दर थोड्या वेळाने येऊन शिट्टी झाली का विचारायची. शिट्टी नसतेच याला, मुलगी म्हणाली. "शिट्टी नाय? मंग शिजलं कसं कलतं?" तो सांगतो, मुलगी म्हणाली. आणि त्याने सांगितलंच. मधेच पी-पी करून बंद पडला, काचेवर इंग्रजी अक्षरं आली. खाली लागतंय, असं त्याचं म्हणणं. जाऊ खूश झाली. बघा, म्हणाली, चूल तरी बोंबलत नाय.

मुलीने वाफ सोडून झाकण काढलं. मी लाकडी कलथ्याने तळ खरवडला, सगळं सुटेपर्यंत, पाणी वाढवलं, परत झाकण लावलं. खरवडताना माझा राग माझ्या हातात आला होता. भांडं सरकेल म्हणून मुलीने दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं. 

पोरी आल्या. एक पालघरची, एक बिहारची, एक आपल्याच सातपाटीची. चांगलं दाट झालं होतं, राजमा फुटला नव्हता, खिमा मऊ. त्यांनी वाट्या भरभरून खाल्लं. बिहारच्या मुलीने भातावर घेतलं, लिंबू पिळून. जाऊने आधी नको म्हटलं, मग चव बघते म्हणाली, मग भाकरीबरोबर दोनदा घेतलं. आंबट जरा कमी झालंय, म्हणाली, दोन कोकमं टाकायची होतीस. माझ्या हातचं तिने बोटं चाटून खाल्लं, आणि बरणी फळीवर होती.

तुला एक विचारायचं आहे. नवरा गेल्यावर मी टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसले. किती लग्नघरांनी माझ्याकडून सुरमई नेली, कोलंबी नेली. हळदीच्या पंगतीला म्हणून नेली. मी खवले काढले, मी तुकड्या केल्या, माझ्या हातांनी त्यांच्या पिशवीत टाकल्या. एकीनेही विचारलं नाही की बाई, तुझा नवरा आहे का. भाव मात्र सगळ्यांनी केला. त्या लग्नांचं काही वाईट झाल्याचं मी ऐकलं नाही. आणि धाकटीच्या मसाल्याला माझा हात लागला नव्हता. तू लागू दिला नव्हतास. तिचा नवरा तिला टाकून गेला, तुझ्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हा तू मला काय म्हणालीस आठवतं? काहीच नाही म्हणालीस. मी वाट बघितली होती.

मला माहीत आहे तू का केलंस. धाकटीसाठी घाबरलीस. एक पोरगी अशी झाली, दुसरी होऊ नये. एवढं मला तेव्हाही कळत होतं, मी मूर्ख नव्हते. पण मी पण तुझीच होते ना? माझ्यामुळे तिला काही होईल असं तुला वाटलं, आणि तसं वाटल्यावर तू मला पडवीत बसवलंस आणि संध्याकाळी पेज वाढलीस, वर सुक्या बोंबलाचा तुकडा दिलास, जसं काही झालंच नाही. मी खाल्ली. मला भूक होती.

पोरी गेल्या. भांडी घासून झाली. जाऊ तिच्या घरी गेली आहे, मुलगी शेजारी मेंदी काढून घेते आहे, आणि मी ओट्यापाशी बसून हे लिहिते आहे. हे पाठवायचं कुठे ते मला माहीत आहे, म्हणजे कुठेच नाही. तुझी चिता दांडीच्या किनाऱ्यावर पेटली, आता तिथे जाळी दुरुस्त करायला लोक बसतात. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, मुलीलाही नाही.

एक मात्र सांगते, कारण तुला सांगितलं नाही तर कोणाला सांगणार. मी इतकं सगळं बोलले, पण मी भिते आहे. मुलीचं उद्या काही कमीजास्त झालं, वर्षाने झालं, दहा वर्षांनी झालं, तर मला पहिल्यांदा माझाच हात आठवेल. मी किती वाचलं, किती बाजार केला, तरी ते माझ्यातून गेलेलं नाही. तू ते कुठे ठेवलंस मला सापडत नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. पुढचं आज लिहिते.

दुसऱ्या दिवशी, हळदीच्या सकाळी, पंगतीचं मटण शिजायला टाकलं होतं. मी स्टुलावर चढून बरणी खाली घेतली, गळ्याचा दोरा सोडला आणि मसाला मुठीने घातला. थोडा ओट्यावर सांडला. जाऊ दारात येऊन उभी होती, किती वेळ ते माहीत नाही. तिने सुटलेल्या दोऱ्याकडे बघितलं. मग तिने विचारलं, "मीठ घातलंस का?"

घातलं, म्हटलं. मग मी हात धुतले आणि मुलीला हळद लावायला गेले.