लोटन जीवराम, इयत्ता चौथी

पिंप्राळा, जळगाव
८ जुलै २०२४

चि. संघपाल यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडतोस, मी तुझं तोडते, आणि शेवटी दोघंही रागावून फोन ठेवून देतो. पत्रात निदान माझं म्हणणं पूर्ण होतं.

तर ऐक. शनिवारी टेम्पो येईल. त्यात सोळा खोकी आहेत, दोनशे बारा पुस्तकं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं होते, पण अभ्यासक्रमात नसलेलं पुस्तक घ्यायला समितीची सही मला कधी मिळाली नाही. मग असली पुस्तकं मी माझ्या पगारातून घेत गेले. मधमाश्यांचा संसार, भूकंप, जुन्या काळचे नकाशे, कोर्टात साक्ष कशी तपासतात, मिठाचा इतिहास, आकडे दाखवून माणसं कशी फसवतात, जमिनीखालचं पाणी, साथीचे रोग. वीसेक इंग्रजी आहेत, बाकी मराठी. यातल्या एकाही पुस्तकातून कुठल्याच परीक्षेत प्रश्न येत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे!

निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं ती माझ्या बैठकीत उभी आहेत. येणारे म्हणतात, केवढा संग्रह, आणि चहा पिऊन जातात. संघा, माझ्याकडे आयुष्यभर मुलं आली ती यादी घेऊनच आली. सरांनी सांगितलंय, परवा पेपर आहे. कोणी सांगितलं नसताना, केवळ आपल्याला कळावं म्हणून पुस्तक उचलणारा माणूस मला एकदा बघायचाय. तो असतो अशी माझी पक्की समजूत आहे. पण समजुतीवर मी आता सहासष्टाव्या वर्षी किती दिवस काढू?

समाजमंदिरात दोन कपाटं रिकामी आहेत असं तू म्हणाला होतास. ती धरून ठेव. माझ्या निवडीची काळजी करू नकोस, ती चुकत नाही.

सविताला आशीर्वाद. माया इकडून भरपूर आहे, तिकडून थोडी पत्रातून येऊ दे.

तुझी
अक्का

•

आंबेतळे, ता. शिरपूर, जि. धुळे
२१ जुलै २०२४

ती. अक्कास सप्रेम जयभीम, वि. वि.

खोकी सुखरूप पोचली. टेम्पोवाल्याने उतरवताना विचारलं की आत फरश्या आहेत का. मी म्हटलं, आमच्या बहिणीचा पगार आहे.

कपाटं मिळाली, पण फुकट नाही. सरपंच धनसिंगभाऊंकडे आपल्या आधी स्वप्नील जाऊन बसला होता. झुलालचा थोरला तो. पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचा म्होरक्या आहे. त्याला तिथे गाइडं ठेवायची आहेत. पोरगा वाईट नाही, त्याचं म्हणणंही खोटं नाही. तो म्हणाला, गुरुजी, मधमाश्या वाचून वर्दी मिळते का? धनसिंगभाऊंनी मग दोघांचं मन राखलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर कपाटं उघडायची आणि दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत निकाल लावायचा. लोक पुस्तकं नेतात असं दिसलं तर ती गावात राहतील. नाहीतर कपाटांत गाइडं येतील आणि तुझी पुस्तकं त्याच टेम्पोने पिंप्राळ्याला परत.

घाबरू नकोस, मी कामाला लागलोय. दोनशे बाराही पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. मला पुस्तक उघडं बघवत नाही, तुला माहीत आहे. जून महिना आणि खाकी कागद यात आयुष्य गेलं. सगळी कशी एका वर्गातल्या पोरांसारखी दिसताहेत. आता नावांची लेबलं तेवढी राहिली. पण पाच ऑगस्टला धुळ्याला माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पुढे काही दिवस लिहिणं-वाचणं बंद. ते काम सविताकडे सोपवलंय. माझ्या ट्रंकेत लेबलं आहेत, तुझ्या यादीतून पुस्तकांची नावं उतरवायची आणि खळीने चिकटवायची, एवढंच.

तू निर्धास्त राहा. रागावायचं असेल तर थोडं दोन ऑक्टोबरसाठी शिल्लक ठेव.

तुझा
संघपाल

•

आंबेतळे
१८ ऑगस्ट २०२४

ती. अक्कांस सविताचा सविनय जयभीम, वि. वि.

यांचं ऑपरेशन चांगलं झालं. हिरवी पट्टी लावून ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चालीवरून ओळखतात. पथ्य पाळतात, कुरकुरतात.

अक्का, माझ्या हातून एक घोळ झालाय. तुम्ही रागावाल, पण दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. यांनी सांगितलं ट्रंकेतली लेबलं घे. ट्रंकेत पत्र्याचा डबा होता, त्यात गठ्ठाच्या गठ्ठा. काढून पाहते तर सगळ्यांवर यांच्याच अक्षरात नावं लिहिलेली. झुलाल धनाजी, भिकुबाई सुपडू, लोटन जीवराम, आपल्या गावचीच माणसं. मला वाटलं, यांनी ऑपरेशनच्या आधीच करून ठेवलं, घरटी एक पुस्तक वाटून दिलं. मनात म्हटलं, काय पण सुंदर कल्पना काढली! मी आणि शेजारच्या द्रौपदाबाईने तीन दुपारी बसून बठ्ठी, दोनशे बाराही पुस्तकांवर लेबलं लावली. खाली इयत्ता चौथी, विषय भूगोल असंही होतं, तर मला वाटलं जुनी लेबलं वापरली असतील. तुमच्या भावाची काटकसर तुम्हाला नवी आहे का?

झेंडावंदन झालं, कपाट उघडलं. आत एकसारखी खाकी पुस्तकं. कुठलं कशाचं, कोणालाच कळेना. स्वप्नील हसायला लागला. तेवढ्यात द्रौपदाबाईच ओरडली की अगं भिके, यावर तुझं नाव आहे. भिकुबाई पुढे आली, पुस्तक घेतलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि हाई मन्हं शे, माझंच आहे हे, म्हणत तडक घराकडे निघाली. मग जी झुंबड उडाली ती काय सांगू! जो तो आपलं नाव हुडकायला लागला. लोटन तर विहिरीच्या कामावरून चिखलाच्या पायांनी धावत आला. यांना घरी येऊन सांगितलं, तर हे उठून ओट्यावर जाऊन बसले. जेवलेही नाहीत.

तुम्ही सांगाल तसं करते. मला माफी असावी, आणि माफी जमत नसेल तर दिवाळीला या आणि तोंडावर बोला.

आपली
सविता

•

पिंप्राळा, जळगाव
२५ ऑगस्ट २०२४

चि. संघपाल व चि. सौ. सविता यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सविता, तुझ्यावर राग नाही. राग या गुरुजीवर आहे.

अरे, चौतीस वर्षं मी वाचकाला त्याचं पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक गाठून देण्याचं काम केलं. कुठल्या कपाटात काय, डोळे मिटून सांगत असे. आणि तुम्ही माझ्या दोनशे बारा पुस्तकांची नावं खाकी कागदाखाली गाडलीत! मधमाश्यांवर भूगोल, साक्षीपुराव्यावर गणित, साथीच्या रोगांवर कार्यानुभव! विहिरी खणणाऱ्या माणसाला मिठाचा इतिहास मिळाला असेल आणि भिकुबाईला भूकंप. ज्याला जे हवंय ते त्याला कसं सापडणार? ही माणसं आठवडाभर नावाचं कौतुक करतील आणि मग पुस्तकं माळ्यावर टाकतील. दोन ऑक्टोबरला स्वप्नील जिंकेल आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर लेबलांच्या गोंधळात राहून जाईल.

लेबलं ताबडतोब काढा. पाण्याचा हात लावला की खळ सुटते. पुस्तकं परत मागवा, नावं लिहा, विषयवार लावा. मी यादी पुन्हा पाठवते आहे.

डोळ्याची काळजी घे. माया आहे, पण ती या आठवड्यात जरा कपाळाला आठ्या घालून बसली आहे.

अक्का

•

आंबेतळे
८ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास सप्रेम जयभीम, वि. वि.

पट्टी निघाली. डॉक्टरांनी थोडंथोडं लिहायला परवानगी दिली आहे, ती सगळी तुझ्यावर खर्च करतोय.

अक्का, लेबलं काढणार नाही. मोठ्या बहिणीला नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ असेल, म्हणून कारण सांगतो.

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी मी हजेरीपटावरच्या सगळ्या मुलांची लेबलं लिहून ठेवायचो. पहिल्या दिवशी पोरानं आपलं नाव पुस्तकावर छान अक्षरात पाहिलं की ते पुस्तकाला जपतं. पण सगळी येत नसत. कोणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं, कोणी सुरतेला, कुणाला धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलेलं. मी घरोघर जायचो. काही यायची, काही नाही. जी आली नाहीत त्यांची लेबलं उरायची. लिहिलेलं नाव फाडून टाकायला माझा हात धजला नाही. अठ्ठावीस वर्षांत तो डबा भरला. सविताने लावली ती ही लेबलं. तुझी पुस्तकं संपली आणि डब्यात अजून लेबलं शिल्लक आहेत, याची मला लाज वाटते. त्या दिवशी जेवण गेलं नाही ते म्हणूनच.

आता गावात काय चाललंय ते सांगतो. झुलालला नेमकं नकाशांचं इंग्रजी पुस्तक आलं. परत देईल म्हणून मी वाट पाहत होतो. त्याने स्वप्नीलला समोर बसवलं आणि बजावलं की एवढी इंग्रजीची शिकवणी लावली, आता माझं पुस्तक मला मराठीत सांग. पोरगा रोज दोन पानं सांगतो. तोंड वाकडं करून सांगतो, पण सांगतो. तिघा जणांची लेबलं होती, ती माणसं आता नाहीत. त्यांची पुस्तकं त्यांच्या मुली घेऊन गेल्या. काही लोकांनी आपसात अदलाबदलही केली, पण लेबल बघून, परत करायच्या बोलीवर. तुझे विषय लोक आपापले शोधताहेत, थोडा धीर धर.

माळ्यावर किती गेली ते मला माहीत नाही. गेली असतील. निकाल ग्रामसभेत कळेल. मला भीती वाटत नाही. तुला वाटत असेल तर ती माझ्या नावावर टाक.

तुझा
संघपाल

•

आंबेतळे
४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास सप्रेम जयभीम, वि. वि.

ग्रामसभा झाली. आधी निकाल सांगतो, म्हणजे तू पत्र शांतपणे वाचशील: पुस्तकं गावातच राहणार.

कपाट उघडलं तेव्हा आत पंधरा पुस्तकं होती, सुरतेला राहणाऱ्या माणसांची. बाकी सगळी घरोघर. धनसिंगभाऊ म्हणाले, नेली हे खरं, पण वाचतं कोण? एका घरी पुस्तकावर पाण्याचा माठ ठेवलाय असं त्यांच्या कानावर आलं होतं. तशी भिकुबाई उठली. ती कापसाच्या शेतातून तशीच आली होती, हातात पुस्तक. तिने विचारलं की भाऊ, माठ तुम्ही डोळ्यांनी पाहिला का? नाही म्हणाले. मग कोणी सांगितलं? त्यांना आठवेना. भिकुबाई म्हणाली, ऐकीव गोष्ट साक्षीत चालत नाही, यात लिहिलंय. सभा हसून लोळली. धनसिंगभाऊसुद्धा हसले. अक्का, तिला आलं होतं ते तुझं साक्षीपुराव्याचं पुस्तक. अक्षर लावून लावून वाचते, दिवसाला अर्धं पान.

हसू थांबल्यावर ती म्हणाली की सातबाऱ्यावर दिराचं नाव, घरपट्टीवर नवऱ्याचं, बचतगटाच्या फलकावर अध्यक्षीणबाईंचं. माझं एकटीचं नाव फक्त यावर आहे, ते परत मागायला कोण येतो मी बघते. मग झुलालनेच मार्ग काढला. कपाटं रिकामीच आहेत तर गाइडं ठेवा, एक फळी परत येणाऱ्या पुस्तकांना सोडा. स्वप्नील लगेच उठला. तो म्हणाला, चालेल, फक्त बाबांचं पुस्तक संपल्याशिवाय मला दुसरं काम सांगू नका.

सोबत लोटनची चिठ्ठी आहे. लेबल बघून तो धावत आला होता तोच. तुला द्यायचीच म्हणून हट्ट धरून बसला. एक अक्षरही मी दुरुस्त केलेलं नाही, गुरुजी असून.

निकालाचे पेढे तुझ्याकडे लागू आहेत.

तुझा
संघपाल

(लोटनची चिठ्ठी)

अक्का यांना लोटन जीवरामचा नमस्कार. मी विहिरी खोदतो. चौथीला शाळा सुटली. जमिनीखालच्या पाण्याचं पुस्तक मला आलं, नशीबच. दोनदा वाचलं. चौऱ्याऐंशीव्या पानावर लिहिलंय की काळ्या दगडात तांबड्या मातीचा थर लागला की पाणी वरच राहतं, खाली खोदून उपयोग नाही. मी एकतीस विहिरी खोदल्या. त्यातल्या सहा विहिरींना तो थर फोडल्यावर खालून पाणी लागलं. गावं आणि विहिरींच्या मालकांची नावं मागच्या बाजूला लिहिली आहेत. आता पुस्तक खोटं की मी खोटा? गुरुजी म्हणाले अक्कांना विचार, त्यांनी हे पुस्तक निवडलंय. अक्षर वाईट आहे, सवय सुटली.

•

पिंप्राळा, जळगाव
१२ ऑक्टोबर २०२४

श्री. लोटनभाऊ जीवराम यांस दीपमालाचा स. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी मी चार वेळा वाचली आणि शेजारच्या दोन घरांतही वाचून दाखवली. तुम्हाला न विचारता केलं, पण माझ्याच्याने राहवलं नाही. अशा चिठ्ठीची मी चाळीस वर्षं वाट पाहत होते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लोटनभाऊ, मला ते माहीत नाही. माझ्या भावालाही हे मी कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला खोटं सांगणार नाही: ते पुस्तक मी वाचलेलंच नाही. दोनशे बारांपैकी कितीतरी वाचलेली नाहीत. पाठ बघायची, पहिलं पान, अनुक्रमणिका, आणि हे कोणाला तरी लागेल म्हणून घ्यायचं. माझी निवड चुकत नाही अशी फुशारकी मात्र सगळ्यांकडे मारली. त्या चौऱ्याऐंशीव्या पानावर आपल्यापैकी पोचलात ते तुम्ही.

ज्याने लिहिलं त्याने किती विहिरी पाहिल्या असतील कोण जाणे. तुम्ही एकतीस खोदल्या आहेत, हे त्या पानाला कळायला हवं. ग्रंथालयाच्या पुस्तकावर कोणी पेन्सिलची रेघ जरी ओढली तरी मी दंड लावत असे. पोरं मला घाबरायची. आता मीच सांगते. त्या पानाच्या कडेला जागा आहे. तिथे तुमचं म्हणणं लिहा, सहाही विहिरींच्या गावांसकट, आणि खाली सही करा. पेन्सिलने नको, शाईने लिहा.

लिहून झालं की पुस्तक मला पाठवा. आधी तुम्ही लिहिलेलं वाचीन, मग त्यांचं.

पुस्तक तुमचं आहे, परत नक्की करीन. ओळख आता झालीच आहे, ती विहिरीसारखी खोल जाऊ द्यावी.

आपली
दीपमाला