दिव्याभोवतीचं कडं

३ नोव्हेंबर १९७४
मधुसूदन कार्डांचे तीन गठ्ठे टाकून गेला — आरोग्य, मानसशास्त्र, झाडांचे रोग. माझा जुना विद्यार्थी, आता कृषी महाविद्यालयात शिकवतो. खेड्यांतल्या वाचनालयांसाठी शब्दांच्या सोप्या व्याख्या हव्यात. "सर, शास्त्र माझं, मराठी तुमची." जन्मभर कविता शिकवली, आता व्याख्या!
पद्धत ठरवली. बायको, अनुसया, अंगणात कागदी लिंबाखाली तांदूळ निवडत बसते, तिला वाचून दाखवायचं. तिनं 'काहून?' म्हणून कारण विचारलं की कार्ड नापास.

७ नोव्हेंबर
'भास — नसलेली गोष्ट दिसणे किंवा ऐकू येणे.'
"काहून? तुम्हाले रोज शाळेची घंटा ऐकू येते, तो काय रोग होय?"
नापास. घंटा मात्र आजही ऐकली.

१२ नोव्हेंबर
लिंबावरचा खैऱ्या. पानावर खरबरीत तपकिरी ठिपके, भोवती पिवळं कडं. आमच्याच झाडावर सापडला. अनुसयेनं पान उजेडात धरलं. "दिव्याले राहते, तसंच कडं होय हे."
मी बघतच राहिलो. उमरेडच्या कोष्ट्याची लेक, दुसरीत शाळा सुटलेली — आणि ही उपमा! वर्गात सांगायचो, उपमा सुचत नाही, दिसावी लागते. जशीच्या तशी कार्डावर उतरवली.

१३ नोव्हेंबर
तिचं कपाळ पुन्हा दुखलं. हल्ली दिवेलागणीला हमखास. सुंठ उगाळून लावली.

१९ नोव्हेंबर
मधुसूदननं त्या ओळीवर लाल पेन्सिल ओढली. "सर, दिव्याभोवती कडं कुठं असतं?" म्हटलं, तुला कवितेत नेहमीच कमी मार्क होते. ती ओळ गेली तर बाकीची कार्डंही परत ने. बिचारा चहा न पिताच गेला.

२२ नोव्हेंबर
आरोग्याचा गठ्ठा. 'काचबिंदू — डोळ्यातला दाब वाढून नजर जाणे. कधी कधी कपाळ दुखते, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात.'
"हे चुकलं तुमचं," अनुसया म्हणाली. "कडी तर सगळ्यांलेच दिसतात."
तिचा हात सुपात चालूच होता. मी कार्ड खाली ठेवून विचारलं, कधीपासून?
"प्रेमिलाच्या लग्नापासून."
पुतणीच्या लग्नाला दोन वर्षं झाली.
"मग सांगितलं काहून नाही?" तिचा हा शब्द मी पहिल्यांदाच वापरला.
"त्यात काय सांगायचं? मले वाटलं, तुम्हालेही दिसत असन."
दोन वर्षं! आणि मी मधुसूदनशी भांडत होतो.

२५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली, ती येणार नाही. शस्त्रक्रिया केली तर उरलेली वाचेल. रिक्षात तिनंच माझा हात धरला. "ते डोळ्याचं कार्ड पास करा. बरोबर होतं."

१४ डिसेंबर
शस्त्रक्रिया झाली, अनुसयेच्या डोळ्याची पट्टी निघाली. खैऱ्याच्या कार्डावरची दिव्याची ओळ मीच खोडली. मधुसूदनला दोन कप चहा पाजला.
दिवेलागणीला अनुसयेला विचारलं, दिवा कसा दिसतो?
"नुसता."