वाढली!

३ फेब्रुवारी

विकायच्या. ठरलं! नवऱ्याला विचारणार नाही — हृदयाची झडप खराब झालीय, हा धक्का कशाला? काचेच्या दोन निळ्या सुरया. जुन्या, तोंडानं फुंकून केलेल्या, मान करंगळीएवढी. लग्नाच्या आधीपासून जपतोय. मला तरी कधी इतकं जपलं का!

लिलावघरातला जाणकार भिंगातून बराच वेळ बघत होता. "जोडी आहे म्हणून किंमत. एकटी असती तर नुसती शोभेची बाटली."

५ फेब्रुवारी

सासूबाई हटून बसल्यात. सुरया लिलावघरात आधी नेऊन ठेवायच्या, तर म्हणे, "माझ्या पोराच्या वस्तू परक्याच्या कपाटात नाही राहायच्या." लिलावाच्या दिवशी स्वतः मांडीवर घेऊन जाणार! जाणकार म्हणाला, पावती होईपर्यंत जबाबदारी तुमची. पण सांगतं कोण ह्यांना? पालथ्या घड्यावर पाणी.

६ फेब्रुवारी

चहाचा कप फुटला. सासूबाई आतून — "अगं, कप वाढला!" बांगडी वाढली म्हणतात ते ठीक. ह्यांच्या तोंडी कप, बरणी, खिडकीची काच, सगळंच वाढतं. 'फुटलं' असं अभद्र बोलायचं नाही! मी म्हटलं, "तशी बँकेतली शिल्लक वाढली असती तर!" हसल्या. मग दोघी रडलो.

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "उद्याच करू. आणखी थांबलात तर मी हात लावणार नाही." सही माझी हवी. ऑपरेशनला संमती आणि बिलाची हमी, दोन्ही एकाच कागदावर. कशाच्या जिवावर करू? पेन उचललं, खाली ठेवलं. लिलावही उद्याच सकाळी. सुरया गेल्या तर सही. नाही गेल्या तर ह्याला घरी न्यायचं. घरी न्यायचं म्हणजे काय, ते मला कळतं. भीती वाटते. नुसती भीती.

१० फेब्रुवारी

फोन आला! मागे गोंगाट, कुणीतरी आकडे पुकारतंय, सासूबाईंचा आवाज चिरकलेला — "अगं, वाढली... वाढली गं..." बोली वाढली! पुढचं ऐकलंच नाही, पळत गेले आणि सही ठोकली! नंतर परत फोन लावला, तर उचलेनात. असतील गर्दीत.

त्याला आत नेताना म्हणाला, "सुरयांवर धूळ बसू देऊ नकोस." हो म्हणाले. किती खोटं बोलायचं माणसानं!

११ फेब्रुवारी

वाचला! डोळे उघडले, पाणी मागितलं, नर्सशी वादही घातला. म्हणजे आमचाच.

११, संध्याकाळ

सासूबाई बाहेरच्या बाकावर. मांडीवर सुरयांचा खोका. आत एक सुरई, आणि रुमालात निळा चुरा. काल पावती व्हायच्या आधीच, खोक्यातून काढताना हातातून निसटली.

मी भिंतीला टेकले. "आई, मला वाटलं बोली—"

"तुला काय वाटेल ते माहीत होतं मला." माझ्याकडे बघत नव्हत्या. "फुटली म्हटलं असतं, तर केली असतीस सही?"