आठ दिवस जुंपून पाहिलेला कीबोर्ड

मेहरूण, जळगाव
रविवार, ११ जुलै १९९३

ती. भागामामींना कुंदाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमचे गुडघे कसे आहेत? म्हैस दूध देऊ लागली का? तुमचं कार्ड परवा मिळालं. "एक दिनना कामले लई गयी, आठ दिन व्हई ग्यात. निंदणी पडेल शे. माणूस परत धाड." एवढंच (आणि 'परत'खाली दोन रेघा). मामी, रागावू नका. हिलालमामा ठणठणीत आहेत. ते अजून शिरपूरला का आले नाहीत, ते सांगायलाच हे पत्र.

मला लहानपणापासून पियानो शिकायची हौस, हे तुम्ही जाणताच. इथे चर्चजवळ एक बाई शिकवतात. त्या म्हणाल्या, पियानो घरात कुठून आणणार, आधी एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्या (म्हणजे आपली पेटीच, पण भाता नसलेली आणि विजेवर चालणारी). गफूरभाई पेट्या दुरुस्त करतात, त्यांनी दुकानात तीन जपानी कीबोर्ड आणून ठेवलेत. आमच्या ह्यांनी पाहताक्षणी सर्वांत जास्त बटणांचा पसंत केला. त्याचं एक बटण दाबलं की तो आपला आपणच अख्खी धून वाजवतो, वर दिवेही लावतो. मला काही उमजेना, म्हणून मामांना बोलावलं. बैलांच्या पारख्याला कीबोर्डातलं काय कळतं, असं हे म्हणालेच. पण उभ्या शिरपूर तालुक्यात ज्याच्या गळ्यात कोणी वाईट जनावर मारू शकलं नाही, असा माझ्या माहेरात दुसरा कोण आहे?

मामांनी दुकानात शिरताना चपला काढल्या, तिन्ही कीबोर्डांभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "दात कितला शेत?" मग मामांनी स्वतःच पट्ट्या मोजल्या. पहिल्याला बत्तीस, तेही दुधाचे (इतके बारीक की माझं एक बोट दोन पट्ट्यांवर पडायचं). दिवेवाल्याला एकोणपन्नास. तिसऱ्याला एकसष्ट, चांगले रुंद. "हाऊ जुळेल शे," मामा म्हणाले, म्हणजे सगळे दात आलेला. दिवेवाल्याच्या दिव्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "हात न लावता चालस तो बैल नही, तमाशा शे. नुसता शिंगे रंगाडेल शेत!" मग प्रत्येकाची पट्टी एकदा हळू दाबली, एकदा जोरात. दोन्ही वेळा सारखाच ओरडला की "बहिरा" म्हणून पुढे सरकायचे. एकसष्टवाला तेवढा हळूला हळू आणि जोराला जोरात बोलला. शेवटी दोन्ही पंजे टेकून ओझं टाकलं. बत्तीसवाला चार सुरांतच गप्प (भरल्या गाडीला मटकन बसणारं जनावर). एकसष्टवाला उभा राहिला. पुढे पियानोच्या बाईंनी नेमक्या ह्याच तीन गोष्टी तपासून घ्यायला सांगितल्या, तेव्हा आमच्या ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

दुकानात 'एकच भाव' अशी पाटी आहे. मामांनी तिकडे दुर्लक्ष करून गफूरभाईंचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि बैलबाजारात करतात तसा आतल्या आत बोटांनी भाव ठरवायला लागले. गफूरभाईंना गुदगुल्या होतात हे आम्हाला काय ठाऊक? ते हसता हसता बाकावर आडवे झाले. "बस करो चाचा, ले जाओ!" पण मामांची अट राहिलीच होती. आठ दिवस जुंपून पाहणार, पसंत पडला तरच पैसे. जामीन कोण, असं गफूरभाईंनी विचारलं. "मी आठेच ऱ्हासू," मामा म्हणाले, म्हणजे तोवर स्वतः इथेच राहणार. तर मामी, असे ते रिवाजापायी अडकलेत. जुंपतात मात्र इमानानं. मी शाळेत शिकवायला निघाले की कीबोर्डावरची चादर काढतात (तिला ते झूल म्हणतात), त्याला कुरवाळतात आणि एका बोटानं चालवायला बसतात.

लवकरच पाठवते. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुमची भाची,
कुंदा

ता. क. – तुमच्याशी खोटं बोलून पत्र पेटीत टाकवेना. आठ दिवस बुधवारीच संपले. गफूरभाईंना पैसे पोचले. जामीनकी सुटली, मामाच सुटत नाहीत.

दुसरा ता. क. – मामा तुमचं कानबाईचं गाणं बसवताहेत. कानबाईला नदीवर पोचवायला निघताना तुम्ही पुढे होऊन म्हणता ते. चाळीस वर्षं ओट्यावर पाठ करून बसून "काय गलका लायेल शे" म्हणणाऱ्या ह्या माणसाला पहिली ओळ तंतोतंत येते. दुसऱ्या ओळीत तुमचा आवाज जिथे वर जातो, तिथे अडतात. एक पट्टी दाबतात, मान हलवतात, "नही, ती आठे आखो वर चढस," म्हणून पुढची दाबतात. काल त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला फार भरून आलं, मामी. (तरी सांगते, बारा दिवसांत माझं एक बोट कीबोर्डाला लागलेलं नाही आणि पियानोच्या बाई सरावाचं विचारतात.) तो सूर सापडल्याशिवाय ते हलणार नाहीत आणि तुम्हाला विचारणार तर त्याहून नाहीत. कार्डावर काही सूर लिहून धाडता येत नाही. कानबाईचा सण पंधरा दिवसांवर आला. पत्र मिळताच पहिली एस.टी. धरा आणि तुम्हीच या.

तिसरा ता. क. – आल्यावर "न्यायला आले" एवढंच म्हणा. दारात जरा खोका, म्हणजे त्यांना झूल टाकायला वेळ मिळेल. मग आत येऊन भाकरी थापता थापता ते गाणं सहज गुणगुणा. मामा ओट्यावर पाठ करूनच बसलेले असतील.