एका गाण्यावरून माणूस ओळखू नये, याबद्दल

॥ श्री ॥

मु. पो. हसनाबाद, ता. भोकरदन
११ जुलै १९९४

प्रिय बद्रीनाथभाऊ यांना,

राधाकिसनचा हसनाबादेतून निघून मस्कतपर्यंत पुरेल एवढा लांब नमस्कार. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची बहीण प्रभावती खुशाल आहे, म्हैसही खुशाल आहे (व्यायली, पण रेडा झाला, म्हणून घरातली खुशाली चार आणे कमी धरावी). तुमच्या तब्येतीचं काय? दिवसभर दुसऱ्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला गर्मीनं पित्त होतं हे वाचून मला आधी हसू आलं, मंग वाईट वाटलं, मंग परत हसू आलं. तुमची बहीण म्हणते, सब्जा भिजवून घेत जा. तिकडं सब्जा मिळत नसेल तर कळवा, पुडी धाडतो.

पत्रास कारण की, तुम्ही तीन वर्षांमागं विमानात बसायच्या आधी ती पत्र्याची पेटी माझ्या ताब्यात देऊन गेल्ता. त्र्याहत्तर कॅसेटी. तुम्ही ज्याला रॉक म्हणता तो सगळा माल. देताना तुम्ही माझा हात धरून म्हणाल्ता, "दाजी, एका गाण्यावरून माणूस ओळखू नका." मी मान हलवली, कारण जीप हॉर्न मारून राह्यली होती. खरं सांगायचं तर मला त्यातलं काहीच समजलं नव्हतं. माझा लाउडस्पीकरचा धंदा. मला कॅसेट वाजल्याशी मतलब. आणि त्या त्र्याहत्तरातलं गावाला माहीत असलेलं गाणं एकच, ते त्या लांब केसवाल्या चौघांचं. (त्यांचं इंग्रजी नाव वाचताना माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून मी त्यांना चौघं म्हणतो. बरेच दिवस मी त्यांना सख्खे भाऊ समजत होतो.) हे गाणं औरंगाबादच्या व्हिडिओ कोचमध्ये एकदा लागलं, आणि तेव्हापासून आख्ख्या हसनाबादेत ते 'धडामधूम' नावानं चालतं. मी बारशाला धडामधूम लावलं, पोळ्याला धडामधूम लावलं, पिठाच्या गिरणीच्या उद्घाटनाला लावलं. दोन वर्षं मी असंच समजत होतो की ह्या चौघांनी जन्माला येऊन तेवढंच एक काम केलं आणि मंग ते शेतीला लागले.

डोळे उघडले ते तातेरावांच्या नातवाच्या बारशाला. तातेराव म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले, गावात शब्दाला वजन असलेले गृहस्थ. वजन अंगालाही आहे. ऐन पाळण्याच्या वेळी मशीननं धडामधूमचं रीळ खाल्लं. मी पेन्सिल घालून ते सोडवत बसलो आणि तोवर म्हणून चौघांची दुसरी कॅसेट लावली. माझा हिशेब सोपा होता: आपल्याकडं एका बँडवाल्याची दहा लग्नं ऐकली तरी वाजवणं तेच असतं, तसंच हे बी असणार. तर भाऊ, त्या कॅसेटीत पहिली सहा मिनिटं नुसता वारा. वारा म्हणजे वारा, माळावर सुटतो तसा. बाया पदर सावरायला लागल्या. तातेरावांना वाटलं सेट बिघडला. ते उठले, आले, आणि अँप्लिफायरच्या डोक्यावर एक सणसणीत थापड ठेवून दिली. नेमक्या त्याच क्षणाला त्या चौघांचा ढोल सुरू झाला. तेव्हापासून तातेराव सगळ्यांना सांगतात की माझ्या हाताला गुण आहे. दोन जणांनी त्यांच्याकडं रेडिओ आणून ठेवले. एक तर बरा बी झाला.

मी मात्र घरी येऊन इचारात पडलो. वाऱ्यानंतर जे वाजलं ते धडामधूम नव्हतं. ते भलतंच काही होतं, आणि चांगलं होतं. मंग मी पेटी खाली काढली, तुम्ही कव्हरावर पेनानं टाकलेले नंबर बघून चौघांच्या अकरा कॅसेटी वर्षाप्रमाणं ओळीनं लावल्या, आणि मोटार चालू करून पाणी धरताना एकेक ऐकायला लागलो. भाऊ, काय सांगू. पहिलीत नुसतीच चार पोरं, मिसरूड न फुटलेली, जोरात वरडून राह्यली. तिसरीत त्यांनी कुठून तरी सतार पैदा केली (बसून वाजवली की उभ्यानं, ते कळत न्हाई). पाचवीत गाव सोडून डोंगरात जाऊन राहिल्यासारखी गाणी, आत बाजाची पेटी, मधेच कोंबडा. सहावीत सगळी खाण्यापिण्याची मजा. आठवीत भांडणं. शब्द कळत न्हाईत, पण भांडण कळतं. मी भाऊबंदकीत वाढलोय. दहावीपर्यंत ढोलवाला वेगळा निघाला, आणि मंग प्रत्येकानं आपापल्या वाटणीची स्वतंत्र कॅसेट काढली. मी हे पारावर सांगितलं तेव्हा लोक खरंच हळहळले. एकानं विचारलं, मोठ्यानं समजावून न्हाई का सांगितलं. ही झाली एकट्या चौघांची गोष्ट. पेटीतल्या त्या दुसऱ्या हॅटवाल्या गाणाऱ्याच्या चौदा कॅसेटी आहेत आणि चौदांत चौदा आवाज. मी सहावीपर्यंत समजत होतो की दुकानदारानं तुम्हाला फसवलंय. म्हणजे भाऊ, आपण पळसाचं एक पान बघून तीनच म्हणतो, पण इथं प्रत्येक फांदीला निराळं झाड लागलेलं.

आता मुख्य प्रसंगाकडं येतो. मे महिन्यात तातेरावांच्या लेकीचं, सत्यशीलाचं लग्न ठरलं. वरपक्ष जुन्या जालन्याचा, तुमच्याच जुन्या गल्लीकडला. तातेराव भोकरदनला बस्त्याला गेल्ते, तिथं त्यांना एक नवा डिस्को सेट दिसला: फिरणारे दिवे, माणसाएवढे डबे, आणि चालवणाऱ्याच्या डोळ्याला भर दुपारी सावलीत काळा चष्मा. परत आले ते हॉटेलात चार लोकांदेखत मला म्हणाले, "राधाकिसन, वाईट मानू नको. तुझ्याकडं गाणं एकच हाय, बाकी नुसती हवा हाय." हा घाव वर्मी बसला, कारण हवेबद्दल ते अगदीच खोटं बोलत नव्हते. पण मला तुमचे शब्द आठवले आणि डोकं फिरलं. मी बोलून गेलो की हळदीपासून पाठवणीपर्यंत आख्खं लग्न मी त्या चौघांवरच वाजवतो, एक गाणं दोनदा लागणार न्हाई. लागलं, किंवा एक जरी पाव्हणा नाराज गेला, तर सेट विकून घरी बसतो. बोललो आणि हॉटेलवाल्याच्या हातून चहा उतू गेला. तातेराव म्हणाले, ठरलं. घरी येऊन प्रभावतीला सांगितलं, तर ती पीठ मळता मळता एवढंच म्हणाली, "हं." (तुम्ही तिचे मोठे भाऊ. तुम्हाला ह्या 'हं'चा अर्थ माहीत असेल तर मला कळवा. आठ वर्षं झाली, मी शोधून राह्यलो.)

मी फुलस्केपवर यादी केली. हळदीला तिसरी, सतारीची. बायांनी ऐकलं आणि म्हणाल्या, रेडिओवरचं काहीतरी शास्त्रीय आहे, चांगलं आहे. वरात आली तेव्हा पहिली, वरडणाऱ्या पोरांची. नवरदेवाचे दोस्त इतके नाचले की घोडीवाल्यानं घोडी बाजूला नेऊन तिची माफी मागितली. पंगतीला मी सहावी लावली, हेतू हा की लोक सावकाश जेवतील. ते गाणं सुरू सावकाश होतं, हे खरं आहे. पण दर कडव्याला ते थोडं थोडं पळतं, हे मला पाणी धरताना लक्षात आलं नव्हतं, कारण पाणी एकाच चालीनं चालतं. वाढप्यांचे पाय गाण्याबरोबर चालायला लागले. मंग पळायला लागले. भातावर वरण पडायच्या आत जिलबी पडून राह्यली होती. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्यानं नको म्हणायला हात आडवा केला, त्या हातावर बुंदी वाढली. शेवटच्या कडव्याला पंगत उठली, सगळी मिळून अकरा मिनिटांत, आणि वरपक्ष खूश होऊन सांगत सुटला की एवढा आग्रह आम्ही जन्मात बघितला न्हाई.

राहिली पाठवणी. तिच्यासाठी मी नववी निवडली होती, संथ, गंभीर. कव्हर बघितलं, नऊ नंबर, कॅसेट घातली, बटण दाबलं. आणि भाऊ, आतून ढोल निघाला. नुसता ढोल, दुसरं काहीच न्हाई. गाणारा न्हाई, गिटार न्हाई. एकटा तो ढोलवाला, जणू वाटणीत त्याला दुसरं काही मिळालंच नव्हतं. सत्यशीला एक पाय जीपमध्ये टाकून रडायच्या तयारीत, ती तशीच थांबली. मी बंद करायला हात घातला, तेवढ्यात नवरदेवाच्या आजी तुळजाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, सकाळपासून खुर्चीत गप बसलेल्या, त्यांची मान डोलायला लागली. मंग खांदे. मंग अंबाडा सुटला. कोणीतरी म्हणालं, आईसाहेब आल्या. बस्स, हळद-कुंकू आलं, लिंबं आली, बाया पाया पडायला लागल्या, आणि तातेरावांनी दुरून मला डोळ्यांनी असा दम दिला की बटणावरचा माझा हात आपोआप नमस्कारात गेला. तेरा मिनिटं, भाऊ. तेरा मिनिटं तो माणूस थांबला न्हाई आणि आजी बी थांबल्या न्हाईत.

आणि मंग खटक्. बाजू संपली.

सगळा मांडव माझ्याकडं बघून राह्यला. तुळजाबाई डोळे मिटून तशाच उभ्या. मंग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पलटव."

तातेराव हात जोडून पुढं झाले. "आई, काय पलटवू?"

आजींचे डोळे मिटलेलेच. तातेरावांनी भीतभीत आधी टोपी उलटी घातली. भटजींनी पूजेचं ताट पालथं घातलं. जीपवाल्यानं जीप वळवून उलट्या तोंडानं उभी केली, त्यात सत्यशीलाचा एक पाय आत आणि एक बाहेर, ती लंगडी घालत सोबत गेली. तुळजाबाईंनी एक डोळा उघडला.

"कॅसेट पलटव."

मी पलटवली. दुसऱ्या बाजूला एकच माणूस आणि एक गिटार. ढोलवाला गप. इतकं हळू, की लोक ऐकायला जवळ सरकले. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण सत्यशीला जीपमधून उतरून आईच्या गळ्यात पडली, आणि मंग सगळ्याच बाया रडायला लागल्या. वाढपी रडले. तुळजाबाई खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. तातेरावांनी, टोपी अजून उलटीच, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कोणाचं हाय रे हे?"

"त्याच चौघांचं."

"धडामधूमवाल्यांचं?"

"त्यांचंच."

त्यांनी टोपी सुलटी केली. जीप गेली, धूळ बसली, तेव्हा म्हणाले, "मंग दोन वर्षं आम्हाला तेच एक कशाला ऐकवत होता?" मी वायर गुंडाळायला लागलो, भाऊ.

तर असं झालं. पाव्हणा एक नाराज गेला न्हाई, सेट विकावा लागला न्हाई. दिवाळीनंतरच्या तीन लग्नांचं बोलणं आत्ताच झालंय आणि तिन्ही ठिकाणी लोक विचारतात, पलटवून लावणार ना. परवा भोकरदनचा डिस्कोवाला स्वतः येऊन गेला, चष्मा काढून बोलला, आणि सतारीची कॅसेट भरून मागितली. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, बाबा, आधी पहिलीपासून ऐक. तुमच्या तोंडचं वाक्य मी त्याला माझं म्हणून सांगितलं, त्याबद्दल माफी असावी. तब्येतीला जपा, उन्हात टोपी घाला, सुलटी.

आपला,
राधाकिसन

ता. क. – तुमचं मागचं पत्र मिळालं, दिवाळीला येतो आणि पेटी घेऊन जातो असं लिहिलेलं. ते मी दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून. भाऊ, मस्कतला म्हणे हवेत खारटपणा फार असतो आणि रीळ खराब होतं. पेटी इथं माळ्यावर गोधडीत गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलीय. लग्नसराई संपल्यापासून मी तिला हात बी लावला न्हाई. ती इथंच राहू द्या, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २ – अगदीच ऐकत नसाल तर धडामधूमची एक कॅसेट घेऊन जा. तुमच्यासाठी ती पेन्सिलीनं गुंडाळून तयार ठेवतो.

ता. क. ३ – दादा, मी प्रभा. पत्र टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून राहिलेल्या जागेत लिहिते. पाठवणीची कॅसेट आपोआप बदलली न्हाई, मी बदलली. यांची ती नववी मी शंभरदा ऐकलीय. ती लावली असती तर नवरी झोपली असती. म्हणून नवव्या कव्हरात चौघांच्या स्टेजवरच्या कार्यक्रमाची घातली, रीळ ढोलापाशी बराबर आणून. जालन्याच्या घरी तू कामावर गेलास की मी तुझ्या खोलीत बसून सगळ्या कॅसेटी ऐकायचे, आणि मधल्या भिंतीपलीकडून शेजारच्या याच तुळजाआत्या वरडायच्या, प्रभा, ढोलाची लाव. ती संपली की, पलटव. तुझ्या कॅसेटी रोज कोण उलट्या ठेवतं म्हणून तू आईवर चिडायचास, ते आम्ही दोघी होतो. लग्नात त्यांच्या अंगात काय आलं ते त्यांना विचारायची माझी छाती न्हाई.

पेटी माळ्यावर न्हाई. गोधडीत विटा आहेत. मागच्या आठवड्यात सत्यशीला सासरी परत निघाली, तिच्यासोबत आत्यांनी मागवून घेतली. यांना अजून माहीत न्हाई. तुला पाहिजे असेल तर दिवाळीला आधी त्यांच्या घरी जा आणि स्वतः माग. आणि रिकाम्या हातानं जाऊ नको, ढोलवाला वेगळा निघाल्यावर त्यानं काढलेली दुसरी कॅसेट त्यांनी विचारलीय.