दोन्ही झटके एकाच मुलीचे

प्रिय ताई,

धाकट्या चिंगीमुळे सगळं घरच तुला ताई म्हणायला लागलं, मीसुद्धा, तेव्हा पत्रातही तेच. फोनवर आपलं बोलणं हल्ली हवापाणी आणि तब्येतीच्या पुढे जात नाही. चिंगीचा विषय निघाला की तू गप्प होतेस आणि मी घाईनं फोन ठेवतो. म्हणून आज दुकानातच लिहायला बसलोय. एका कोटाला अस्तर लावायचं राहिलंय, ते राहू दे. चिंगी वर अभ्यास करतेय. मशीन चालू असलं की वरचं काही ऐकू येत नाही, म्हणून मी थोडंसं शिवतो, थांबतो, छताकडे कान लावतो. खुर्ची सरकली तरी उठून जिन्यापाशी जातो. असं थांबत थांबत शिवलं की शिवण वाकडी येते. गिऱ्हाइकं चांगली आहेत, न कुरकुरता उसवून परत शिवून द्यायला सांगतात.

तिच्या लहानपणीचे झटके तुला आठवत असतील. एकदम किंचाळी, अंग लाकडासारखं ताठ, डोळे सताड उघडे पण वर गेलेले, ओठ निळे. आई तिला कुशीवर वळवायची आणि तू उशी धरायचीस. आई गेली तरी गोळ्या चालू राहिल्या आणि झटके इतके थांबले की आपण जवळजवळ विसरलोच होतो. मग त्या दिवशी शास्त्राच्या तासाला तिला झटका आला. वर्गातल्या कुणीतरी मोबाइल काढून चित्रण केलं. तिचे कपडे ओले झालेले, बाई तिच्यावर ओढणी टाकतायत, सगळं त्यात दिसतं. ते शाळाभर फिरलं. तुला हे मी कधी सांगितलं नाही, कारण चिंगीनं मला शपथ घातली होती. आता मी ती मोडतोय.

त्यानंतर झटके रोजचे झाले. एकदा थांबेचना, तेव्हा इस्पितळात तातडीच्या विभागात नेलं. त्यांनी एकामागून एक इंजेक्शनं दिली. झटका थांबला आणि मागोमाग श्वासही मंदावला. घशात नळी घालावी लागली. तू धावत आलीस ती तेव्हा. नळी निघाली, आपण हुश्श केलं, आणि भेटायच्या वेळेत, भर दुपारी, तिला परत सुरू झालं. तू पलंगाच्या पायथ्याशी उभी होतीस. "बाबा, डोळे घट्ट मिटून घेतलेत बघा. नाटक आहे हे," म्हणालीस. मी तुला अडवलं नाही, कारण मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

तू गेल्यावर मेंदूच्या डॉक्टरबाई आल्या. पुन्हा तसंच चालू होतं. त्यांनी कुणाला इंजेक्शन काढू दिलं नाही. प्राणवायू नीट आहे ना ते पाहिलं आणि पलंगावर बसून नुसतं बघत राहिल्या. मान एकसारखी इकडून तिकडे हलत होती. हातपाय उडत होते, पण एकमेकांशी ताळमेळ नव्हता. मध्येच थांबे, परत सुरू होई. बाईंनी हलकेच पापणी उघडायला घेतली तर चिंगीनं ती आणखीच आवळली. गालावरून पाणी ओघळत होतं. बाई तिचा हात धरून सांगत राहिल्या, "तू सुरक्षित आहेस, बाळा. हे थांबणार आहे." आणि बऱ्याच वेळानं ते थांबलं. तिनं लगेच मला ओळखलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "म्हणजे ती सोंग करते?" त्या माझ्यावर चिडल्याच. "ती करत नाही हो, तिच्याकडून होतं. भीती अंगातून बाहेर पडतेय." मग म्हणाल्या, एकाच खुणेवर विसंबू नका, आम्हीसुद्धा फसतो. नंतर डोक्याला तारा लावून, कॅमेरा लावून तपासलं. तसाच झटका आला आणि मेंदूच्या लहरी मात्र शांत होत्या. पण झोपेत जुन्या आजाराच्या, फेफऱ्याच्या, खुणाही उमटल्या. म्हणजे दोन्ही आहेत, ताई. एकाच पोरीत. जुन्याला गोळ्या आणि नव्याला बोलणं. त्यासाठी ती आता समुपदेशकांकडे जाते.

घरी आल्यावर भात कालवता कालवता ती म्हणाली, "ताई काय म्हणाली ते मी ऐकलं होतं, बाबा. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला थांबताच येत नव्हतं." बस, एवढंच. तुझ्यावर रागावलीसुद्धा नाही.

मागच्या आठवड्यात धप्पकन आवाज आला. मी वर धावलो. डोळे मिटलेले, मान हलतेय. डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे मी शेजारी बसलो, शांतपणे बोलत राहिलो. निवळलंसुद्धा. ती उठून बसली, पाणी मागितलं. मी ओतायला वळलो आणि मागून ती किंचाळी आली. वळून बघतो तर डोळे उघडे, माझ्याकडे नाहीत, कुठेच नाहीत. अंग ताठ, मग एका ठेक्यात झटके, मग घोरल्यासारखा श्वास. तोंडाच्या कडेनं रक्त, जीभ बाजूला चावली गेली होती. कुशीवर वळवलं, घड्याळाकडे बघत राहिलो. लांबलं तर रुग्णवाहिका बोलवायची, आणि शंका आली तर फेफऱ्याचाच समजायचा, हे बाईंनी बजावलंय. आपोआप थांबलं. पण भानावर आल्यावर कितीतरी वेळ ती मला, "काका, माझे बाबा कुठे आहेत?" विचारत होती. तेव्हापासून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही. पहिल्याला दुसरा समजलो तर, आणि दुसऱ्याला पहिला समजलो तर? एकात औषध वाचवतं, दुसऱ्यात तेच घात करतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या दिवशी तिला सावरून झाल्यावर माझ्या छातीत कळ आली, ती डाव्या हातात उतरली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबल्यात. ऑपरेशन ठरलंय, पुढच्या सोमवारी. डॉक्टर म्हणतात घाबरायचं काही नाही, पण त्यांना काय, घाबरायचं काम माझं. चिंगीला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की तिला झटका येणार, आणि तो कुठला असेल हे एकट्यानं ओळखण्याची माझ्यात आता ताकद नाही. तू रविवारच्या आत ये. माफीबिफी काही नको, तिलाही नकोय. फक्त मी तिला सांगेन तेव्हा तू तिचा हात धरून बस, आणि नीट बघ. नंतर बघायला मी असेन की नाही, माहीत नाही.

वाट बघतोय.

तुझाच,
बाबा